गोरा म्हणजे नेमका कोण? थिंड, पंडित आणि बगाई यांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेलं "ॲक्च्युअली" आणि "म्हणजे बघा" बरंचसं गाळलंय. थोडं राहिलं असेल, चालवून घ्या.

आज गोष्ट आहे १९२३ सालची. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर एक प्रश्न आला होता. अमृतसरमध्ये जन्मलेला, पूर्ण भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू माणूस हा "गोरा माणूस" आहे का? मी गंमत करत नाहीये. प्रश्न जवळपास याच शब्दांत खालच्या कोर्टाने वर पाठवला होता. आणि ज्याच्याबद्दल तो विचारला होता, तो हिंदू नव्हताच. तो पगडी घालणारा शीख होता, नाव भगतसिंग थिंड. (नावावरून गोंधळ नको, आपले शहीद भगतसिंग वेगळे.) त्या काळी अमेरिकेत भारतातून आलेल्या प्रत्येकाला "हिंदू" म्हणायचे. शीख असो, मुसलमान असो, सरसकट एकच लेबल.

आता हा प्रश्न कोर्टात पोचलाच कसा, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१७९० साली अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. बाहेरून आलेला कोण नागरिक होऊ शकतो? तर "फ्री व्हाइट पर्सन". म्हणजे गुलाम नसलेला, गोरा माणूस. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, त्यात आफ्रिकन वंशाच्या लोकांची भर पडली. बाकीचे? त्यांच्याबद्दल काही नाही. अमेरिकेत जन्मलेलं मूल मात्र जन्माने नागरिक, हे सुप्रीम कोर्टाने १८९८ मध्ये वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाच्या केसमध्ये पक्कं केलं. म्हणजे एकाच घरात मूल नागरिक आणि आईबाप जन्मभर परके, अशी स्थिती कायद्यानेच तयार केली होती.

पण खरी मेख वेगळी होती. "गोरा" म्हणजे कोण, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर कंडिशन लिहिली, व्हेरिएबल वापरलं, पण ते डिफाइन करायचं राहिलं. आणि हा कोड दीडशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये चालू होता. मग प्रत्येक जज आपापली व्याख्या लावणार. कुणी कातडीचा रंग बघितला, कुणी भूगोल, कुणी मानववंशशास्त्राची पुस्तकं. आर्मेनियन गोरे ठरले, सीरियन कुठे ठरले, कुठे नाही. १९१० मध्ये भिकाजी बालसारा हे मुंबईचे पारशी गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोर्टात गोरे ठरले. चिनी माणसाला मात्र १८७८ मध्येच नाही म्हणून सांगितलं होतं. १८७८ ते १९४४ या काळात अशा ५२ केसेस नोंदल्या गेल्या. त्यातली एक सोडली तर बाकी सगळ्यांनी "मी गोरा आहे" हेच सिद्ध करायचा प्रयत्न केला. "मी आफ्रिकन वंशाचा आहे" हा दुसरा दरवाजा कायद्याने १८७० पासून उघडा होता, पण तिकडून आत जायला कुणी तयार नव्हतं. तिकडून गेल्यावर आत काय वाढून ठेवलंय ते सगळ्यांना दिसत होतं.

थिंड १९१३ मध्ये अमेरिकेला गेला, शिकायला. खर्च भागवायला ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांमध्ये काम करायचा. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा भारतीयांसाठी हवा चांगली नव्हती. १९०७ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात जमावाने गिरणीत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना घराबाहेर ओढून गावातून हाकलून लावलं होतं. आणि याच भागात गदर चळवळ उभी राहत होती. तिच्यात आपली माणसंही होती, विदर्भातले पांडुरंग खानखोजे, तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे. पिंगळे तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेला होता. परत येऊन बंडाच्या तयारीला लागला आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरला फाशी गेला. इंजिनिअरिंग कॉलेजच्या चार वर्षांत हे नाव एकदाही माझ्या कानावर पडलं नाही. असो, त्यावर स्वतंत्र भाग करायचाच आहे.

थिंडचीही गदरवाल्यांशी ऊठबस होती. पुढे त्याच्या नागरिकत्वाला विरोध करताना इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने हाच मुद्दा काढला.

पहिलं महायुद्ध चालू होतं. जुलै १९१८ मध्ये थिंड अमेरिकन सैन्यात भरती झाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुईसमध्ये. पगडी काढली नाही. सार्जंटचं काम पाहू लागला. ९ डिसेंबर १९१८ ला त्याला नागरिकत्व मिळालं. चार दिवसांत ते रद्द झालं, कारण तो "गोरा नाही". आणि त्यानंतर तीन-चार दिवसांनी त्याच सैन्याने त्याला सन्मानाने निवृत्त केलं, कागदावर शेरा "वर्तणूक उत्कृष्ट". हा क्रम परत एकदा वाचा. आठवड्याभरातलं आहे हे सगळं.

गडी थांबला नाही. शेजारच्या ओरेगॉन राज्यात पुन्हा अर्ज केला. तिथल्या जजने गदरचा मुद्दाही ऐकून घेतला, सैन्यातली नोकरीही पाहिली, आणि नोव्हेंबर १९२० मध्ये त्याला नागरिक केलं. सरकारने अपील केलं. तिथून प्रकरण सुप्रीम कोर्टात.

इथे आणखी एका माणसाला भेटायला हवं. ताकाओ ओझावा. जन्म जपानचा, पण शाळा आणि कॉलेज कॅलिफोर्नियात. नंतर हवाईला स्थायिक. घरात मुलांशी इंग्रजी, मुलं अमेरिकन शाळेत आणि चर्चमध्ये. वीस वर्षं तिथे काढलेली. त्याचं म्हणणं होतं की मी वागणुकीने अमेरिकन आहे, आणि रंगाचंच म्हणाल तर कितीतरी गोऱ्यांपेक्षा माझी कातडी गोरी आहे. १३ नोव्हेंबर १९२२ ला सुप्रीम कोर्टाने त्याला नाही म्हटलं. निकाल लिहिला जस्टिस जॉर्ज सदरलंड यांनी. रंगावर जाऊ नका, ते म्हणाले, गोऱ्यांमध्येही सावळे असतात. "गोरा" म्हणजे "कॉकेशियन" वंशाचा. जपानी कॉकेशियन नाहीत. विषय संपला.

आता थिंडच्या वकिलांच्या जागी स्वतःला ठेवा. त्या काळातले मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन गटातच टाकत होते. कोर्टाने नुकतंच सांगितलं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंड कॉकेशियन. म्हणून थिंड गोरा. टेस्ट केस पास.

१९ फेब्रुवारी १९२३. जेमतेम तीन महिने झाले होते. तेच कोर्ट, निकाल लिहिणारे तेच सदरलंड. आणि एकमताने निकाल आला की नाही, थिंड गोरा नाही. कारण? "कॉकेशियन" हा शास्त्रज्ञांचा शब्द, त्यांचं त्यांच्यातच एकमत नाही. कायदा शास्त्रज्ञांसाठी लिहिलेला नाही, सामान्य माणसाच्या भाषेत लिहिलेला आहे. आणि सामान्य माणसाला विचारलंत तर तो हिंदूला गोरा म्हणणार नाही. पुढे असंही लिहिलं की युरोपातून आलेल्यांची मुलं इथल्या लोकांत चटकन मिसळून जातात, हिंदू आईबापांच्या मुलांवर मात्र त्यांच्या वंशाची खूण स्पष्ट राहील.

टेस्ट पास झाली म्हणून टेस्टच बदलली. ओझावाला शास्त्र दाखवून बाहेर काढलं, थिंडला शास्त्र बाजूला ठेवून बाहेर काढलं. आणि हे सदरलंडसाहेब स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेले. म्हणजे तेही बाहेरूनच आलेले.

इथपर्यंत ऐकून आपल्याला थिंडचा कैवार घ्यावासा वाटतो. मलाही वाटला. पण त्याच्या बाजूने कोर्टात जे मांडलं गेलं ते वाचल्यावर मी जरा गप्प झालो. युक्तिवाद असा होता की उच्च जातीचे हिंदू हे आर्य आहेत, आणि जातीबाहेर लग्न करायची बंदी असल्यामुळे त्यांचं रक्त शुद्ध राहिलंय. इतकंच नाही. लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू हा भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, असंही लिहून दिलं. म्हणजे "आम्हाला आत घ्या, कारण तुमच्यासारखाच भेदभाव आम्हीही करतो." जातिव्यवस्था चक्क पात्रतेचा दाखला म्हणून जोडली होती.

वकिलाला कायद्याच्या चौकटीतच खेळावं लागतं, हे मान्य. कायदा "गोराच पाहिजे" म्हणत असेल तर वकील "माझा अशील गोरा आहे" हेच म्हणणार. तरीही हे वाक्य लिहायची गरज होती का? मला नाही वाटत. आणि गंमत बघा. १९१६ मध्ये, म्हणजे या निकालाच्या सात वर्षं आधी, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला होता. त्यांनीही जातीबाहेर लग्न न करणं हेच जातीचं मूळ धरलं. पण त्यातून शुद्ध रक्ताचा अभिमान काढला नाही, उलट ही बंदी टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह कसे आले ते दाखवलं. आणि युरोपियन अभ्यासक जातीत उगाच रंग शोधतात, कारण रंगाचा पूर्वग्रह त्यांच्याच डोक्यात भरलेला आहे, असंही स्पष्ट म्हटलं. त्याच देशात, त्याच दशकात, त्याच मुद्द्यावर. एकाने बंदी उघडी पाडली, दुसऱ्याने ती सर्टिफिकेट म्हणून लावली.

असो. निकाल लागला, पण परिणाम एकट्या थिंडवर झाला नाही. सरकार म्हणालं, हिंदू गोरे नाहीत असं आता ठरलंय. म्हणजे याआधी ज्या भारतीयांना नागरिकत्व दिलं तेही बेकायदा होतं. ते परत घ्या. जुने निकाल उकरून एकेकावर खटले भरायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियात आणखी एक कायदा होता, जो माणूस नागरिक होऊच शकत नाही त्याला शेतजमीन, मालमत्ता घेता येणार नाही. तो आता भारतीयांना लागू झाला. पंजाबी शेतकऱ्यांनी जमिनी विश्वासातल्या गोऱ्या माणसाच्या नावावर केल्या, किंवा तिथेच जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर. बायकांचं तर अजबच होतं. नागरिक होऊ न शकणाऱ्याशी लग्न केलं तर अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या बाईचंही नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास यांची पत्नी मेरी हिचं असंच गेलं. तिने त्यावर १९२६ मध्ये 'द नेशन' साप्ताहिकात लेख लिहिला.

वैष्णोदास बगाई हे पेशावरचे. पैसेवाले घर. १९१५ मध्ये बायको कला आणि तीन लहान मुलांना घेऊन ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. इंग्रजांच्या राज्यात राहायचं नाही म्हणून आले होते. तेही गदरच्या वर्तुळातले. दुकान काढलं, 'बगाईज बझार'. बर्कलीला घर विकत घेतलं. सामान ट्रकमध्ये भरून तिथे पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं, आत जाऊच देईनात. कलाबाई म्हणाल्या, अशा लोकांत मला मुलं वाढवायची नाहीत. ट्रक तसाच परत फिरवला. तरी वैष्णोदास यांचा अमेरिकेवरचा विश्वास गेला नाही. १९२१ मध्ये ते नागरिक झाले. त्यासाठी ब्रिटिश प्रजा असणं सोडून दिलं, जे त्यांना मनापासून हवंच होतं.

थिंडच्या निकालानंतर ते नागरिकत्व काढून घेतलं. मालमत्तेवरचा हक्क गेला, दुकान गेलं. १९२८ मध्ये त्यांना भारतात नातेवाइकांना भेटायला जायचं होतं. अमेरिकेने पासपोर्ट नाकारला. ब्रिटिश पासपोर्टवर जा, असं सुचवलं. ज्या राज्याला नकार देऊन हा माणूस घर सोडून आला होता, त्याच राज्याची प्रजा म्हणून सही कर, असं त्याला सांगत होते. त्यांनी नाही म्हटलं. मार्च १९२८ मध्ये सॅन होजेला एक खोली भाड्याने घेऊन त्यांनी आत्महत्या केली. चाळिशीही गाठली नव्हती. जाण्याआधी एका वर्तमानपत्रासाठी पत्र लिहून ठेवलं होतं, ते छापून आलं. मी या देशाला घर मानलं, मुलांना इथलं उत्तम शिक्षण द्यायला झटलो, आणि आता मी इथे घर घेऊ शकत नाही, परतही जाऊ शकत नाही, मग मी आहे तरी कोण, असा त्याचा आशय आहे. बोलताना मी इथे रेकॉर्डिंग थांबवलं होतं.

आता एक माणूस राहिला. थिंडच्या बाजूने सुप्रीम कोर्टात उभे राहिलेले वकील, सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून कुणालाही आपल्याकडचेच वाटतील. जन्म अहमदाबादचा. लॉस एंजेलिसमध्ये वकिली करायचे. १९१४ मध्ये नागरिक झाले होते. थिंडची केस हरले आणि मग सरकारने त्यांच्यावरही खटला भरला, तुमचंही नागरिकत्व परत द्या म्हणून.

या वेळी त्यांनी "मी गोरा आहे" हा वाद घातलाच नाही, आणि मला वाटतं या अख्ख्या गोष्टीतली सगळ्यात हुशार चाल हीच आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं. १९१४ मध्ये कोर्टाने सगळं तपासून मला नागरिक केलं. तेव्हा सरकारला हरकत घ्यायची, अपील करायची पूर्ण संधी होती. केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी आयुष्य उभं केलं. वकील झालो, अमेरिकन बाईशी लग्न केलं. आता तुम्ही नागरिकत्व काढलंत तर माझी वकिली जाईल, बायकोचं नागरिकत्व जाईल, तिच्या मालमत्तेवर गदा येईल. ज्या गोष्टीचा निकाल एकदा लागला ती तुमच्या सोयीने पुन्हा उघडता येणार नाही. खालच्या कोर्टाने मानलं. १९२६ मध्ये अपील कोर्टानेही मानलं. १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं ऐकायलाही नकार दिला. त्यानंतर सरकारने इतर भारतीयांवरचे पडून असलेले खटले सोडून दिले. पण ज्यांचं आधीच गेलं होतं त्यांना काही परत मिळालं नाही. बगाई त्यातलेच. पंडित जिंकल्यानंतर वर्षभराने ते गेले, हे तारखा शेजारी ठेवल्यावर लक्षात येतं आणि मग ते डोक्यातून जात नाही.

थिंडचं पुढे काय झालं? तो तिथेच राहिला, अध्यात्मावर व्याख्यानं देत देशभर फिरला. १९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी कायदा झाला, वंश कुठलाही असो, नागरिकत्व मिळेल असा. त्याखाली १९३६ मध्ये तो नागरिक झाला, तिसऱ्यांदा. १९६७ मध्ये वारला. बाकी भारतीयांसाठी दार उघडलं २ जुलै १९४६ ला, लूस-सेलर कायद्याने. नागरिकत्वाचा हक्क, आणि भारतातून येणाऱ्यांसाठी वर्षाला जागा १००. हो, शंभर. आज एच-वन-बीच्या लॉटरीला वैतागलेले माझे मित्र हा आकडा ऐकून दोन मिनिटं गप्प बसतात, मग पुन्हा वैतागतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वंशाची अट पूर्णपणे गेली १९५२ मध्ये. दलीपसिंग सौंद नावाचे एक गृहस्थ १९२० मध्ये शिकायला गेले होते, गणितात पीएचडी असून शेती करत बसले होते. ते १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले.

कलाबाई बगाईंनी तिन्ही मुलांना शिकवलं. पुढे पुन्हा लग्न केलं. १९४६ च्या कायद्यानंतर त्या स्वतः नागरिक झाल्या, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात येणाऱ्या नव्या भारतीय कुटुंबांसाठी त्यांचं घर म्हणजे हक्काची जागा झाली. १९८३ मध्ये त्या गेल्या. २०२० मध्ये बर्कली शहराने आपल्या मुख्य रस्त्याच्या, शॅटक ॲव्हेन्यूच्या, एका तुकड्याला नवं नाव द्यायचं ठरवलं. ज्या गावाने त्यांच्या घराला कुलूप लावलं होतं, तिथे आता त्या रस्त्याच्या पाटीवर "कला बगाई वे" असं लिहिलंय. फोनमध्ये मॅप उघडून बघा, सापडेल.

पुढच्या भागात बेलिंगहॅम, १९०७. आणि पिंगळेवरचा भाग त्यानंतर लगेच, नक्की.